कोल्हापुरी चप्पल आणि तिचे कारागीर

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. शिवण खिळ्याविना, चामड्याच्याच वादीने होते. परंपरेने कातडे कमावणे ढोर समाजाकडे आणि चपला बनवणे चर्मकार समाजाकडे आहे. वेणी विणण्याचे नाजूक काम बहुधा घरच्या स्त्रिया करतात. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये अशाच चपला मांडल्या, पण मूळ सांगितले नाही. टीका झाल्यावर ते मान्य केले. आपण जाब विचारला, ते योग्यच झाले. मात्र ज्या कामापायी या समाजांना अस्पृश्य ठरवले, त्याच कामाचे कौतुक करताना कारागिरांचे नाव आपणही घ्यायला हवे. चपलेला गावाचे नाव मिळाले, करणाऱ्या हातांचे नाही.