ऊन पाणी : कुंडातले आणि टबातले

भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. तिथून वज्रेश्वरीकडे वळल्यावर 'हॉट टबसह कॉटेज' अशी एक पाटी दिसली आणि आम्ही दोघांनीही ती पुन्हा वाचली. पाटीत शुद्धलेखनाची चूक नव्हती. खटकले ते दुसरेच. याच वाटेने पुढे तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. जमिनीच्या पोटात आपसूक तापलेले पाणी तिथे अहोरात्र वर येत असते, आणि त्याच्या शेजारी कोणी विजेवर पाणी तापवून त्याचे भाडे घेते आहे. हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट खरी. पण उपनगरातल्या महाविद्यालयात मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, आम्ही आधी शब्दांपाशीच अडखळतो.

कोकणात गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतात. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन' अशी ही सरळ वाट. झऱ्याला नाव 'उन्हाळे', आणि मग गावेही तशीच : राजापूरजवळचे उन्हाळे, खेड-दापोलीकडचे उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेर, सातिवलीपासून गणेशपुरी-अकलोली, महाडजवळचे सव, संगमेश्वरकडची आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर अशी या झऱ्यांची माळच सह्याद्रीच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण पसरली आहे. इथे ज्वालामुखी जागा नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. वज्रेश्वरीची लोककथा अर्थात निराळी : देवीने दैत्य मारले, त्यांच्या रक्ताने पाणी तापले. भूगर्भशास्त्रापेक्षा ती लवकर पटते.

वज्रेश्वरीचे आजचे देऊळ पेशवाईतले. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडण्यासाठी किल्ल्यासारख्या तटाचे हे देऊळ उभे राहिले, असे परंपरा सांगते. पण माणसे इथे केवळ दर्शनाला येत नव्हती. वात, संधिवात, त्वचेचे विकार घेऊन येत. धर्मशाळेत उतरत, कुंडात बसत, दोन-चार दिवस राहून परतत. कुंडांची नावे सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, लक्ष्मण अशी. पुढे गणेशपुरीला स्वामी नित्यानंद येऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांचे निर्वाण झाले, तोवर मुंबईच्या भाविकांना ही वाट पाठ झाली होती. यात्रा, औषध आणि सहल यांच्या सीमा तेव्हा वेगळ्या काढलेल्या नव्हत्या.

सुटीसाठी घर भाड्याने घेण्याची चाल मात्र देवळातून आली नाही, ती हवेतून आली. 'हवापालट' हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीच्या पत्रांत सर्रास सापडतो. साहेबाला माथेरान १८५० मध्ये सापडले; ज्यांना माथेरान परवडत नव्हते किंवा दूर पडत होते, त्यांच्यासाठी साष्टी बेट होते. म्हणजे आजची उपनगरे. १८५३ मध्ये ठाण्याची आगगाडी सुरू झाली तेव्हा घाटकोपर आणि मुलुंड ही भातखाचरे आणि मिठागरांमधली गावे होती. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली दाटी सोडून मोकळ्यावर जाण्याची ओढ आणखी वाढली. जमशेटजी टाटांनी जुहूला जमीन घेतली, समुद्रकाठी विश्रामाचे ठिकाण वसवण्याचा बेत केला. १९०४ मध्ये ते गेले आणि बेत बारगळला. १९२४ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी राहिले ते जुहूलाच, नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात. अंधेरी तालुक्यातले जुहू हे तेव्हा आजाऱ्याने जाऊन बरे व्हावे असे ठिकाण होते! आज अंधेरीच्या पुलावर उभे राहून हे वाक्य कोणाला ऐकवून पाहावे.

१९२० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि हवापालटाला जाणारा माणूस संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतणारा रहिवासी झाला. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईत आले. सुटीचे घर आणखी पुढे सरकले. मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात ते अजून तग धरून आहे; एरवी ते कर्जत, मुरबाड, वाडा इथवर गेले. मोकळी हवा म्हणून जिथे जावे तिथे आपणच गर्दी करायची आणि मग पुढच्या तालुक्यात मोकळी हवा शोधायची, असा हा दीडशे वर्षांचा क्रम आहे. आज फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी पाहणारे आम्ही उपनगरवासी मुळात एका जुन्या सुटीच्या ठिकाणी कायमचे राहिलो आहोत.

वाडा हे आजूबाजूच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. तिथल्या कोलम तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेतकरी नसलेल्याने सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेऊ नये, असे १९४८ च्या कुळकायद्याचे त्रेसष्टावे कलम सांगते. त्यामुळे फार्महाऊसचे स्वप्न पडलेला मुंबईकर प्रथम आजोबांचा सातबारा शोधत कोकणात किंवा घाटावर जातो. कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी म्हणून केलेल्या कायद्याने, ज्यांनी तीन पिढ्यांत नांगराला हात लावला नाही अशांनाही 'शेतकरी' ठरवावे, ही त्या कायद्याची चेष्टाच आहे. आणि तिथे जे बांधतात त्याला म्हणायचे कॉटेज. इंग्रजीत हा शब्द मूळचा शेतमजुराच्या घराचा. आपल्याकडे तो आला तोवर तिकडच्या हौशी लोकांनी त्याला चैनीचे केले होते. आपल्या 'खोपटा'ला असे भाग्य लाभले नाही. कारवीच्या कुडाचे खरे खोपटे रस्त्यापलीकडे असते. कॉटेजच्या भिंतीवर वारली चित्रे असतात.

आता टब. याकुझी हे इटलीतून अमेरिकेत गेलेल्या भावांचे घराणे; तिकडच्या उच्चाराने त्याचे 'जाकुझी' झाले. मुलाच्या संधिवातावर उपाय म्हणून कांदिदो याकुझी यांनी केलेला, न्हाणीच्या टबात बसवायचा पंप १९५६ मध्ये बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय याकुझी यांनी पंप आणि टब एकजीव केले आणि आजार मागे पडून चैन पुढे आली. म्हणजे टबाचा आणि अकलोलीच्या कुंडाचा उगम एकच : दुखणारे सांधे. फरक इतकाच, की कुंडात शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही.

इथे मात्र जुन्या कुंडांचे गोडवे गाणे थांबवले पाहिजे. 'सार्वजनिक' या शब्दात कोण मोजले जात होते? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सांभाळल्या जाणाऱ्या पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असे त्यात म्हटले होते. पाणी आणि प्रवासातला मुक्काम ही दोन्ही त्या एका ठरावात आहेत, हे आम्हांला फार बोलके वाटते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय आला तेव्हा हक्क कायम झाला. सवची ऊन पाण्याची कुंडे त्याच महाडजवळ, सावित्रीकाठी.

ज्या पाण्यात सर्वांना उतरता यावे म्हणून माणसांनी मार खाल्ला, ते पाणी खरोखर सर्वांचे होऊ लागले, आणि ऐपतदार माणूस आपले पाणी घेऊन कुंपणाच्या आत गेला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. पण 'कुंडावर फार गर्दी असते हो, कोणीही येते' हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि त्यातला 'कोणीही' हा शब्द आमच्या कानांना निर्मळ वाटलेला नाही. अस्वच्छता हे कारणही खोटे नाही. प्लॅस्टिक, साबण, कुबट ओलावा आम्ही पाहिला आहे. पण जागा घाण असेल तर ती साफ करावी अशी मागणी करण्याऐवजी आपण दुसरी जागा विकत घेतो, ही सवय शाळा, बाग, दवाखाना अशी सगळीकडे मुरलेली आहे. टब त्या यादीत उशिरा आला, इतकेच.

हिशेबही करून पाहावा. चारजणांच्या टबात हजार-बाराशे लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी धरलेले प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे; म्हणजे एक टब अठरा ते बावीस माणसांचा दिवस. तानसा, वैतरणा, भातसा ज्या शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईला देतात, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. तानसाचे धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. त्याचे नळ मुलुंड-घाटकोपरमधून, आमच्या रोजच्या वाटेशेजारून जातात. नदीचे गार पाणी वरच्या अंगाला अडवून आम्ही घरी आणले आणि खालच्या अंगाला तिच्याच काठी ऊन पाण्यात बसायला जातो.

त्या पाटीच्या कॉटेजमध्ये आम्ही उतरलो नाही, हे तत्त्वासाठी नव्हे. भाडे ऐकले आणि पुढे निघालो. अकलोलीला पोचलो तेव्हा कुंडात सहाजण होते. एक म्हातारबाबा गुडघे चोळत बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि कुठून आलात म्हणून विचारले. मुलुंड म्हटल्यावर ते म्हणाले, ''पावसात येऊ नका. नदी चढली की कुंड दिसत नाही.''