धुराची खाडी

परवा परदेशातला धाकटा नातू फोनवर म्हणाला, "आजी, सुट्टीत आइसलँडला चाललोय. रेक्याविकबद्दल काही माहिती आहे का तुला?" मी तिथे कधी गेलेली नाही. पण जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारायचा म्हणजे... असो! त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

स्वतंत्र देशांच्या राजधान्यांमध्ये ही सर्वांत उत्तरेची. कथा अशी की नॉर्वेहून आलेल्या इंगोल्फुर आर्नार्सनने किनारा दिसताच आपल्या आसनाचे लाकडी खांब समुद्रात सोडले. ते जिथे लागतील तिथे घर बांधायचं. खांब सापडायला तीन वर्षं लागली. परंपरेने हे साल 874 मानतात. गरम झऱ्यांची वाफ पाहून गावाला नाव पडलं 'धुराची खाडी'. आज तिथली घरं जमिनीतल्या गरम पाण्यावरच उबदार राहतात.

पण गाव म्हणावं असं तिथे पुढे नऊशे वर्षं काही नव्हतं. देशाची सभा 930 पासून भरायची ती दूर थिंगवेत्लिरच्या माळावर. 1750 नंतर स्कूली माग्नुसन यांनी लोकरीचे कारखाने काढले, 1786 मध्ये व्यापाराची सनद मिळाली. तेव्हा वस्ती होती दोनशेच्याही आत! राज्य डेन्मार्कचं. प्रजासत्ताक झालं ते 17 जून 1944 ला.

मला मात्र या शहराची एकच तारीख मनापासून आवडते, 21 एप्रिल 1971. सतराव्या शतकात एका बिशपने दोन जुनी हस्तलिखितं डेन्मार्कच्या राजाला भेट दिली होती. वासराच्या कातड्यावर लिहिलेली. एकात देवदेवतांची प्राचीन काव्यं, दुसऱ्यात राजांच्या कथा. स्वातंत्र्यानंतर आइसलँडने ती परत मागितली. डेन्मार्कमध्ये कायदा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अखेर त्या दिवशी डॅनिश नौदलाच्या जहाजातून ती रेक्याविकच्या बंदराला लागली. स्वागताला हजारो माणसं धक्क्यावर उभी होती. बाकीची हस्तलिखितं येत राहिली ती 1997 पर्यंत.

नातवाने विचारलं, "नुसत्या पुस्तकांसाठी एवढी गर्दी?"

काय उत्तर देणार? आजही त्या देशाची लोकसंख्या जेमतेम चार लाख. आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. पण सातशे वर्षांपूर्वीचं लिखाण तिथली मुलं थोड्या मदतीने वाचू शकतात. आपण कोट्यवधी आहोत, आणि माझा हा नातू मराठी छान बोलतो, पण वाचत नाही. हा लेखही त्याला त्याची आईच वाचून दाखवील.

त्याला म्हटलं, झरे बघ, पण 2023 मध्ये उघडलेल्या 'एद्दा' नावाच्या इमारतीतही जा. ती हस्तलिखितं आता तिथे आहेत. आणि आल्यावर मला दोन ओळी लिही, मराठीत.

चुका चालतील. लाल पेन केव्हाच ठेवून दिलंय मी.