दुष्काळ आणि पशुधनरक्षण

दुष्काळ आणि पशुधनरक्षण : अवर्षणामुळे चारा व पाणी यांची तूट पडली असता पाळीव जनावरे जगविण्यासाठी, तसेच त्यांची काम करण्याची, दूध देण्याची व प्रजननाची क्षमता टिकविण्यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांचा या विषयात अंतर्भाव होतो. दुष्काळाचे अन्नदुष्काळ, जलदुष्काळ व तृणदुष्काळ असे तीन प्रकार परंपरेने मानले जातात. हे तिन्ही एकाच वर्षी ओढवल्यास राजस्थानात त्यास ‘त्रिकाल’ म्हणतात. माणसाचे धान्य दूरवरून आणता येते. चारा मात्र वजनाच्या मानाने फार जागा व्यापणारा असल्याने तो लांब नेणे खर्चाचे पडते. म्हणून धान्य उपलब्ध असतानाही जनावरे उपाशी मरण्याचे प्रसंग इतिहासात वारंवार आढळतात.

जनावरांच्या हानीचे परिणाम दुष्काळाच्या वर्षापुरते मर्यादित राहत नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी बैल नसल्यास नांगरट व पेरणी होत नाही. देशी खोंड औताला जुंपण्याजोगा होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात आणि देशी कालवड प्रथम विण्यास साधारणतः साडेतीन ते साडेचार वर्षे लागतात. त्यामुळे एका वर्षाच्या अवर्षणाची झळ शेतकरी कुटुंबास तीन-चार वर्षे सोसावी लागते. बैलजोडी कवडीमोलाने विकायची आणि पाऊस पडल्यावर कर्ज काढून चढ्या दराने पुन्हा घ्यायची, हा दख्खनमधील शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा एक जुना मार्ग होय.

प्राचीन व मध्ययुगीन व्यवस्था : कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्भिक्षाची गणना राष्ट्रावर ओढवणाऱ्या आठ आपत्तींत केली आहे. त्याच ग्रंथात गुरांच्या देखरेखीसाठी गोऽध्यक्ष व कुरणांसाठी विवीताध्यक्ष असे अधिकारी सांगितले आहेत. यावरून चराऊ क्षेत्राचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य मानले जात असल्याचे दिसते. महाराष्ट्रातील गावगाड्यात गायरान व कुरण यांना हेच स्थान होते. ज्वारीचा कडबा वळई किंवा गंज रचून साठविणे आणि तो एक-दोन वर्षे पुरवून वापरणे, ही शेतकऱ्याची स्वतःची तरतूद असे. ज्वारीचे पीक धान्याइतकेच कडब्यासाठीही घेतले जाई. अवर्षणप्रवण भागात उंच वाढणाऱ्या ज्वारीच्या वाणांना पसंती मिळत असे, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

धनगर व इतर पशुपालक जमातींनी स्थलांतर हाच उपाय रूढ केला. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील मेंढपाळ पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणाकडे किंवा अन्य प्रदेशांकडे जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवून खत पुरवितात व त्याच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. चारा जनावरांकडे नेण्याऐवजी जनावरे चाऱ्याकडे नेण्याची ही पद्धती बैल व दुभत्या जनावरांना मात्र पूर्णतः लागू पडत नाही.

सतराव्या शतकातील दोन मराठी पत्रे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील लष्करी अधिकाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात दाणा, वैरण यांचा साठा जपून वापरण्याची ताकीद आहे. साठा आधीच उधळल्यास पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि लष्कर रयतेस उपद्रव देईल, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजींजवळ विस्तव, चिलीम किंवा दिवा ठेवू नये. उंदराने पेटती वात ओढून नेली, तरी सर्व वैरण जळून जाईल, असा तपशीलही त्यात येतो. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ मध्ये लिहिलेल्या पत्रात ज्या कुणब्यास बैल नाहीत, त्यास बैलांसाठी पैसा पुरवावा व तो त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावा, अशी आज्ञा आहे. पहिल्या पत्रात आपत्तीपूर्वीच्या साठवणीचा आणि दुसऱ्यात पुनःस्थापनेचा विचार दिसतो. पुढील काळातील बहुतेक सर्व उपाययोजना या दोन सूत्रांभोवतीच फिरताना आढळते.

पश्चिम भारतातील पांजरपोळ ही लोकाश्रयावर चालणारी स्वतंत्र परंपरा होय. सुरत व खंबायत येथील प्राण्यांच्या आश्रयस्थानांचे उल्लेख यूरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांत येतात. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ मध्ये दंगल झाली. त्यानंतर सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. दुष्काळात अशा संस्थांनी हजारो सोडून दिलेली जनावरे सांभाळली; तथापि त्यांची क्षमता मर्यादित होती व प्रजननक्षम, कामाच्या जनावरांची निवड करणे हा त्यांचा उद्देश नव्हता.

ब्रिटिश अंमल : १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या दक्षिणी जिल्ह्यांत मनुष्यांबरोबर जनावरांचीही मोठी हानी झाली. या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला व त्याच्या आधारे प्रांतिक दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांचा मुख्य रोख मनुष्यांना काम व अन्न देण्यावर होता. पशुरक्षणासाठी प्रामुख्याने राखीव वने चराईस खुली करणे आणि तगाई देणे हेच मार्ग होते. १८८४ च्या शेतकरी कर्ज अधिनियमान्वये बियाणे व जनावरे यांच्या खरेदीसाठी तगाई देण्याची सोय झाली.

वने खुली करण्याच्या उपायामागे एक विसंगती होती. १८७८ च्या वन अधिनियमानंतर पूर्वी गावांच्या वापरात असलेली पुष्कळ राने व डोंगरउतार राखीव झाले होते. म्हणजे नेहमीच्या वर्षी बंद केलेली चराई आपत्तीच्या वर्षी सवलत म्हणून परत मिळत असे. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात वनखात्याने गायराने गिळंकृत केल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांची कशी दुर्दशा झाली, यावर कठोर टीका केली. पशुधनाच्या ऱ्हासाचे कारण केवळ अवर्षणात न शोधता ते धोरणातही शोधणारे हे आरंभीचे महत्त्वाचे मराठी विवेचन होय.

१८९९–१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ (विक्रम संवत १९५६) पशुधनाच्या दृष्टीने सर्वांत भीषण ठरला. गुजरातेत दीर्घकाळ मोठा दुष्काळ न पडल्याने तेथे पूर्वतयारी नव्हती आणि तेथील नामांकित गुरे मोठ्या संख्येने मेली. वनक्षेत्रांतील गवत कापून, त्याचे गठ्ठे दाबून ते रेल्वेने टंचाईच्या भागात पाठविण्याचे प्रयत्न झाले. परंतु वाघिणींची कमतरता, वाहतुकीचा खर्च व उशीर यांमुळे ते अपुरे पडले. उरलेल्या शुद्ध जातीच्या गुरांचे जतन करण्यासाठी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या प्रोत्साहनाने अहमदाबादजवळ छारोडी येथे पशुपैदास केंद्र सुरू झाले. केवळ जनावरांची संख्या नव्हे, तर जातीचे बीज वाचविणे हेही पशुरक्षणाचे अंग आहे, ही जाणीव या दुष्काळातून रुजली. १९२६–२८ च्या शाही कृषी आयोगाने जनावरांची संख्या अधिक, म्हणून चारा अपुरा. चारा अपुरा, म्हणून जनावरे दुबळी. आणि ती दुबळी, म्हणून अधिक संख्येची गरज, या दुष्टचक्राकडे लक्ष वेधले.

रोगप्रतिबंध : दुष्काळी जनावरांचा मृत्यू पुष्कळदा भुकेपेक्षा रोगाने होतो. एकोणिसाव्या शतकात बुळकांडी हा सर्वांत संहारक रोग होता. तिच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये पुणे येथे स्थापन झालेली प्रयोगशाळा पुढे १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. भारतात १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नष्ट झाल्याचे घोषित करण्यात आले. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत हे रोग मात्र टिकून आहेत. अशक्त जनावरे एकत्र आणली असता त्यांचा फैलाव वेगाने होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी लसीकरण व जंतनाशक औषधे देणे आवश्यक असते. पहिल्या पावसानंतरचे दिवस विशेष धोक्याचे असतात. क्षीण जनावरे गारठ्याने दगावतात आणि कोवळे गवत अधाशीपणे खाल्ल्याने त्यांना पोटफुगी होते. पाण्याअभावी खुंटलेली कोवळी ज्वारी खाल्ल्यास त्यातील हायड्रोसायनिक अम्लामुळे विषबाधा होते. यालाच शेतकरी ‘किराळ लागणे’ म्हणतात.

स्वातंत्र्योत्तर काळ : महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये अधिनियम करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळली व तिच्या जागी टंचाईवाचक संज्ञा आली. १९७०–७३ मधील सलग अवर्षणात, विशेषतः १९७२-७३ मध्ये, मनुष्यहानी टाळण्यासाठी रोजगाराची प्रचंड कामे काढण्यात आली व त्यांतून रोजगार हमी योजना विकसित झाली. पशुरक्षणासाठी गुरांच्या छावण्या उघडण्यात आल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातील उसाचे वाढे हा या छावण्यांचा मोठा आधार ठरला. वाढ्यांतील ऑक्झॅलेटांमुळे जनावराच्या शरीरातील कॅल्शियम बांधले जाते. म्हणून केवळ वाढ्यांवर जनावरे न ठेवता त्यांवर चुन्याची निवळी शिंपडणे, खनिज मिश्रण देणे व सुका चारा मिसळणे इष्ट असते.

२०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळांत सातारा, सांगली, सोलापूर, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), बीड इ. जिल्ह्यांत चारा छावण्या मोठ्या प्रमाणावर चालविण्यात आल्या. माण तालुक्यातील म्हसवड येथे स्वयंसेवी संस्थेने चालविलेली छावणी विशेष उल्लेखनीय होय. छावणीत जनावराबरोबर घरातील एखादे माणूस राहते. त्यामुळे कुटुंबाची विभागणी होते, स्त्रिया व वृद्ध यांच्यावर कामाचा भार पडतो व मुलांच्या शाळेत खंड पडतो. जनावरांच्या खोट्या नोंदींच्या तक्रारीही झाल्या. २०१८-१९ मध्ये बारकोड असलेल्या बिल्ल्यांच्या साहाय्याने नोंदणी करण्यावर भर देण्यात आला. छावणीऐवजी चारा किंवा त्याची रक्कम थेट शेतकऱ्यास द्यावी, ही मागणी ‘छावणी की दावणी’ या वादाच्या रूपाने प्रत्येक दुष्काळात पुढे येते. दावणीला चारा मिळाल्यास कुटुंब घरी राहते व रोगप्रसार कमी होतो. पण जेथे पाणीच नाही, तेथे छावणीला पर्याय उरत नाही. छावण्यांची रचना मुख्यतः गाय-बैल व म्हशी यांच्यासाठी असल्याने शेळ्या-मेंढ्या बाळगणारी भूमिहीन कुटुंबे पुष्कळदा मदतीच्या कक्षेबाहेर राहतात. राज्यात २०१५ पासून गाईंप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने भाकड व निरुपयोगी जनावरांच्या विक्रीचा जुना मार्ग आक्रसला असून त्यांच्या पोषणाचा प्रश्न दुष्काळात अधिक तीव्र होतो.

पूर्वतयारी : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाची दुष्काळ व्यवस्थापन संहिता (२००९, सुधारित आवृत्ती २०१६) यांनी पूर्वतयारीचा विचार अधिक व्यवस्थित केला. प्रौढ जनावरास दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन ते अडीच टक्के शुष्क खाद्य लागते. ४०० किग्रॅ. वजनाच्या जनावरास हे प्रमाण ८ ते १० किग्रॅ. येते. या हिशोबाने पावसाळ्याच्या अखेरीसच तालुक्यातील जनावरे व उपलब्ध चारा यांचा मेळ घालून तुटीचा अंदाज बांधता येतो. हिरवा मका, ज्वारी यांचा मूरघास करणे, कडब्याची कुट्टी करून नासाडी टाळणे आणि निकृष्ट काडावर यूरियाची प्रक्रिया करणे हे साठवणीचे प्रमुख मार्ग आहेत. प्रक्रियेसाठी १०० किग्रॅ. काडास ४ किग्रॅ. यूरिया सुमारे ५० ते ६० लि. पाण्यात विरघळवून शिंपडतात व काड तीन आठवडे हवाबंद ठेवतात. यूरियाचे प्रमाण वाढल्यास विषबाधा होते.

बुटक्या व संकरित वाणांच्या प्रसारामुळे कडब्याचे उत्पादन घटले आहे, ज्वारीचे क्षेत्र नगदी पिकांकडे वळले आहे आणि गायराने अतिक्रमणाने आक्रसली आहेत. संकरित गाईंची चाऱ्याची व पाण्याची गरज खिलार, डांगी, देवणी यांसारख्या देशी जातींपेक्षा जास्त असते व उष्णता सोसण्याची त्यांची शक्ती कमी असते. परिणामी शेतकऱ्याच्या वळईत व गावाच्या रानात असलेली जुनी तरतूद कमी झाली असून तिची जागा शासकीय छावणीने घेतली आहे. छावणी मात्र टंचाई जाहीर झाल्यावरच उघडते. तोवर अल्पभूधारकांची पुष्कळशी जनावरे बाजारात गेलेली असतात. म्हणून गायरानांचे संरक्षण, गावपातळीवरील चारापेढ्या व वेळेवर मिळणारे कर्ज यांवर पशुधनरक्षणाचे यश छावण्यांच्या संख्येपेक्षा अधिक अवलंबून राहते.