मुसळापासून क्ष-किरणापर्यंत : निखळलेल्या खांद्याची हकीकत

निरवांगी काय किंवा इंदापूर-बारामतीकडचे दुसरे कोणतेही गाव काय, खांदा निखळणे म्हणजे काय हे तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जत्रेच्या फडात पैलवान पडता पडता हात टेकतो, उसाची मोळी चढवताना कोणाचा पाय घसरतो, कासरा मनगटाला गुंडाळलेला असताना बैल हिसका देतो. क्षणात खांद्याची गोलाई जाते, तिथे टोकदार कोपरा दिसू लागतो आणि माणूस दुखरा हात दुसऱ्या हाताने सावरून बसतो. मग भोवतालची मंडळी म्हणतात, "धरा रे, ओढा!" या 'ओढा'लाही मोठा इतिहास आहे. हाडांच्या गोष्टीत इतिहासाच्या मास्तराने कशाला शिरावे, असे तुम्ही म्हणाल. पण हा इतिहास माहीत असला तर एखादा हात वाचू शकेल.

आधी सांधा पाहू. दंडाच्या हाडाचे डोके चेंडूसारखे मोठे आणि ज्यात ते बसते ती खोबण बशीसारखी उथळ. मांडीचा खुबा खोल वाटीत बसतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. पण म्हणूनच पाय हातासारखा चौफेर फिरत नाही. गोफण फिरवायची, झाडावरचा आंबा काढायचा, पाठ खाजवायची, तर खोबण उथळच हवी. डोके जागेवर राहते ते स्नायू, बंध आणि खोबणीच्या कडेची मऊ कूर्चा यांच्या जोरावर. हात वर आणि बाहेर वळलेला असताना झटका बसला, की ते बहुतेक वेळा पुढच्या बाजूला सटकते.

इजिप्तमध्ये दुसऱ्या रामेसिस राजाच्या काळातल्या, म्हणजे सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या, इपुय नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात एक चित्र आहे. त्यात एक कामकरी दुसऱ्याचा हात धरून खांदा बसवतो आहे, असे अभ्यासक मानतात. ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या नावावरील सांध्यांच्या ग्रंथात तर यासाठी अनेक युक्त्या दिल्या आहेत. रोग्याला उताणे निजवून बगलेत टाच लावायची आणि हात ओढायचा, ही त्यांतली प्रसिद्ध युक्ती. दुसरी एक युक्ती मुसळाची आहे!

आणि मुसळ आपल्याकडेही आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा अध्याय आहे. खांद्याचा सांधा सुटला तर मुसळाने बगल वर उचलावी, हाड ठिकाणी आले की स्वस्तिकबंध बांधावा, असे तिथे सांगितले आहे. ग्रीक वैद्याने आणि आपल्या वैद्याने एकच घरगुती वस्तू हाती घ्यावी, हे मला मोठे गमतीचे वाटते. कोणी कोणाकडून घेतले याचा वाद घालण्यात अर्थ नाही. कांडण दोन्हीकडे होते आणि बगलही सगळीकडे सारखीच.

सुश्रुताची नजर मात्र त्यापुढे जाते. निखळलेल्या सांध्याचे त्याने सहा प्रकार केले. ओढणे, दाबणे, जागेवर आणणे आणि बांधणे हा उपचाराचा क्रम सांगितला. पट्टी सैल असली तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळली तर सूज आणि वेदना वाढतात, असे बजावले. थंडीत ती सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून बांधावी, असा हिशेबही दिला. तरुणाचा सांधा महिन्यात स्थिरावतो, मध्यमवयीनाला दुप्पट काळ लागतो आणि म्हाताऱ्याला तिप्पट, असेही तो सांगतो.

इथे आजचे ज्ञान एक भर घालते. तरुणाची जखम लवकर भरते हे खरे. पण एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका तरुणालाच अधिक, विशेषतः विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूला. उतारवयात ही भीती कमी. तिथे खांदा आखडण्याची आणि स्नायूंचे बंध तुटण्याची चिंता असते. खांदा वारंवार निखळत असल्यामुळे अंगात कसब असूनही कित्येकांना आखाडा सोडावा लागला, लढाईत निकामी होऊन कित्येक मेले, अशी नोंद त्या ग्रीक ग्रंथातही आहे. त्यावर तिथे बगलेत तापल्या सळईचे डाग द्यायला सांगितले आहे. व्रण आवळून हाडाची वाट बंद व्हावी, हा हेतू. उपाय जालीम, पण विचार अडाणी नव्हता. हाड वारंवार का सटकते याचे नेमके उत्तर १९२३ साली लंडनच्या बँकार्ट या शल्यवैद्याने मांडले : खोबणीच्या पुढच्या कडेची कूर्चा सुटलेली असते. ती पुन्हा जागेवर शिवण्याची शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने चालते. आता ती दुर्बिणीतून, लहानशा छिद्रांतूनही करतात.

दरम्यान ओढण्याची रीतही सौम्य झाली होती. १८७० साली कोखरने जोर न लावता हात विशिष्ट क्रमाने फिरवण्याची पद्धत सांगितली. १९०० साली स्टिमसनने रोग्याला पालथे निजवून, हात खाली लोंबता ठेवून त्याला वजन बांधले. स्नायू थकले की हाड आपोआप आत जाते. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि सर्वांत मोठा फरक पडला. हाड नुसते निखळले आहे की मोडलेही आहे, हे आधी पाहता येऊ लागले.

तालमीतल्या जाणत्या वस्तादाचा हात हलका असतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या बोटांना आतली भेग दिसत नाही. मोडलेल्या हाडाला हिसका दिला, तर बगलेतली शीर किंवा रक्तवाहिनी दुखावते. मग खांद्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते, हात उचलत नाही.

बसवल्यानंतरचा काळ लोक वाया घालवतात. हात थोडे आठवडे झोळीत, मग डॉक्टर सांगतील तसा हळूहळू व्यायाम. २३ मार्च २०२१ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, गहुंजेच्या मैदानावर, चेंडू अडवताना मुंबईच्या श्रेयस अय्यरचा डावा खांदा अर्धवट निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो सामन्यात परतला सप्टेंबरमध्ये. एवढी साधने हाताशी असूनही पाच महिने! आपला पैलवान मात्र पंधरा दिवसांत लांग चढवतो.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या मैदानावर असे घडले तर ओढू नका, ओढू देऊ नका. मूल ज्या स्थितीत हात धरून बसले असेल त्याच स्थितीत पंचाची झोळी करून गाठ मानेमागे बांधा. बोटातली अंगठी, हातातले कडे काढा. भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून खायला देऊ नका. बोटे गार पडली आहेत का, मुंग्या येतात का, ते पाहा आणि गाडी काढा. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे गेल्यावर तीन गोष्टी सांगा : किती वाजता पडला, कसा पडला, आणि हा खांदा पूर्वी कधी निखळला होता का.