विश्लेषण : ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवणे बेशिस्त ठरते का?

करोना साथीमुळे मार्च २०२०मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि व्याख्याने मोबाइलच्या पडद्यावर आली. आता वर्ग पुन्हा भरतात, पण ऑनलाइन शिक्षण संपलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून शिकता येतात. म्हणूनच ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्याने कसे वागावे, कोणता नियम रास्त आणि कोणता जाचक, हे समजून घेणे गरजेचे आहे. रायगडच्या किनारपट्टीचा अनुभव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो.

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न वेगळा का?

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हे तालुके मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांची घडी बसत असतानाच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले, तारा तुटल्या, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अनेक गावांत वीज परत येण्यास काही आठवडे लागले.

वीज गेली की मोबाइल मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते. मग जनित्राच्या डिझेलवर मनोरा चालवावा लागतो आणि रस्ते बंद असले तर डिझेलही पोहोचत नाही. घरात फोन चार्ज असला तरी रेंज नसते. शिवाय एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा वाडीत एरवीही रेंज कमीजास्त होते. अशा ठिकाणचा विद्यार्थी वर्गातून अचानक ‘गायब’ झाला, तर तो झोपला की रेंज गेली, हे पडद्यावरून कळत नाही.

देशाचे चित्रही फार वेगळे नव्हते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते.

कॅमेरा सुरू ठेवण्यास किती डेटा लागतो?

वादाचे मूळ बऱ्याचदा इथेच असते. गटाच्या व्हिडीओ बैठकीला साधारण ६०० किलोबिट ते १ मेगाबिट प्रतिसेकंद वेग लागतो. म्हणजे तासाला अंदाजे २७० ते ४५० एमबी. दिवसात चार तासिका झाल्या, तर १ ते पावणेदोन जीबी डेटा त्यातच जातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर संध्याकाळी नोट्स उतरवून घेण्यास काही उरत नाही. फक्त आवाज ऐकला, तर तासाला ३० ते ४० एमबी पुरतात. त्यातच घरात एकच स्मार्टफोन आणि शिकणारी भावंडे दोन-तीन असतील, तर हिशेब आणखी बिघडतो.

कॅमेऱ्यामागे घरही दिसते. एका खोलीत स्वयंपाक, आजारी आजी आणि वर्ग एकाच वेळी सुरू असेल, तर ते सगळ्या वर्गाला दाखवण्याची सक्ती विद्यार्थ्याला संकोचात टाकते. त्यामुळे सरसकट ‘कॅमेरा सुरू नसेल तर गैरहजर’ हा नियम शिस्तीपेक्षा परिस्थितीला शिक्षा करतो. तोंडी परीक्षा, सादरीकरण किंवा ओळख पटवणे यासाठी काही मिनिटे कॅमेरा सुरू करण्यास सांगणे मात्र रास्त आहे.

मग शिस्त कशावरून ओळखायची?

जे विद्यार्थ्याच्या हातात आहे, त्यावरून. रेंज त्याच्या हातात नसते, पण पुढील गोष्टी असतात :

● वर्ग सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे लिंक उघडणे आणि स्वतःच्या खऱ्या नावाने, हजेरी क्रमांकासह येणे. ‘रेडमी नोट’ किंवा ‘किंग ऑफ कोकण’ या नावाने आलेल्याची हजेरी कशी लावणार?
● बोलत नसताना माइक बंद ठेवणे. एका घरातल्या मिक्सरमुळे साठ जणांची तासिका बुडते.
● शंका असेल तर ‘हात वर’चे बटण दाबणे किंवा चॅटमध्ये नेमका प्रश्न लिहिणे. ‘सर, समजले नाही’ याऐवजी ‘चौथ्या स्लाइडवरील दुसरी पायरी समजली नाही’ असे लिहिले तर उत्तर लवकर मिळते.
● संपर्क तुटला तर परत आल्यावर व्याख्यान न थांबवता चॅटमध्ये एक ओळ टाकणे. दिवसभर रेंज नसेल तर वर्गप्रतिनिधीमार्फत त्याच दिवशी कळवणे.
● शिक्षकांना रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर शंका न पाठवणे. संदेश पाठवताना सुरुवातीला नाव, वर्ग आणि विषय लिहिणे.

दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावली तर?

मित्राचा पासवर्ड घेऊन त्याच्या नावाने वर्गात बसणे अनेकांना किरकोळ वाटते. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-क दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी आहे, तर कलम ६६-ड संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक करण्यासाठी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साध्या हजेरीचे प्रकरण बहुधा महाविद्यालयातच मिटते, परीक्षेचे मिटेलच असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबर २०२०मध्ये ऑनलाइन बहुपर्यायी पद्धतीने झाल्या होत्या. अशा परीक्षेत दुसऱ्याने उत्तरे देणे हा परीक्षेतील गैरप्रकारच आहे. घरून दिली म्हणून ती परीक्षा वेगळी ठरत नाही.

व्याख्यान रेकॉर्ड करता येते का?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘कलाकार’ या व्याख्येत नट, गायक, नर्तक, जादूगार आणि गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही येते. म्हणजे प्राध्यापकांना त्यांच्या व्याख्यानाच्या ध्वनी-चित्रमुद्रणावर हक्क आहेत. मात्र याच कायद्याच्या कलम ३९नुसार निव्वळ खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी केलेले मुद्रण हक्कभंग ठरत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा : परवानगी विचारून स्वतःच्या अभ्यासासाठी मुद्रण करणे ठीक. तेच यूट्यूबवर टाकणे, विकणे किंवा शिक्षकांच्या चुकीच्या उच्चाराची रील बनवून फिरवणे ठीक नाही. मुद्रणात वर्गमित्रांचे चेहरे, आवाज आणि फोन क्रमांकही येतात, हे विसरू नये.

वर्गाची लिंक बाहेर दिल्यास काय होते?

टाळेबंदीच्या सुरुवातीला अनोळखी लोक वर्गात घुसून शिवीगाळ करणे, अश्लील चित्रे दाखवणे असे प्रकार जगभर घडले. केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्ये झूमच्या वापराबाबत सूचना काढल्या. दर बैठकीला नवा आयडी व पासवर्ड, ‘वेटिंग रूम’ची सोय, यजमानाआधी कोणाला प्रवेश नाही आणि सर्व आले की बैठकीला कुलूप, असा त्यांचा गाभा होता. या सूचना शिक्षकांनी पाळल्या तरी लिंक आणि पासवर्ड विद्यार्थ्यानेच गंमत म्हणून इन्स्टाग्रामवर टाकला, तर सगळे व्यर्थ जाते.

चॅटमधली थट्टा कधी गुन्हा होते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत बोललेल्या शब्दांप्रमाणे लिहिलेले शब्दही येतात. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे एखाद्याच्या आगरी-कोळी बोलीवरून, घरावरून किंवा मोडक्या इंग्रजीवरून चॅटमध्ये सतत टर उडवणे ‘फक्त मस्करी’ म्हणून सोडून देता येत नाही. त्याचा तोटा अभ्यासातही होतो. एकदा हसू झालेला विद्यार्थी पुन्हा माइक सुरू करत नाही.

वर्गाच्या गटातून एखाद्या विद्यार्थिनीचा क्रमांक घेऊन, तिने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संदेश पाठवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८नुसार पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो.

शिक्षकांची आणि महाविद्यालयाची जबाबदारी काय?

नियम सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मराठीत, लेखी सांगणे ही पहिली जबाबदारी. हजेरी कॅमेऱ्यावरून न लावता तासिकेच्या शेवटी दोन छोटे प्रश्न विचारून लावता येते. उत्तर नंतर देण्यास दिवसभराची मुदत ठेवली, तर रेंज गेलेल्यावर अन्याय होत नाही. स्लाइडची हलकी पीडीएफ आणि केवळ आवाजाची फाइल उपलब्ध करून दिली, तर कमी डेटातही अभ्यास होतो. वादळ किंवा अतिवृष्टीच्या दिवशी त्या तालुक्यातील गैरहजेरी वेगळी नोंदवणे हेही साध्या कारभाराचेच काम आहे.

अन्याय झाल्यास दाद कुठे मागायची?

आधी वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख आणि प्राचार्य. तेथे प्रश्न सुटला नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यानंतर लोकपाल असा मार्ग आहे. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे करावी. रॅगिंगसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आहे, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तक्रारीपूर्वी स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. रेंजमुळे हजेरी बुडाली असेल, तर त्याच दिवशी पाठवलेला एका ओळीचा संदेश हाच विद्यार्थ्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.