मंजूर म्हणजे पाहिलेले

मंडईत प्रश्नाला उत्तर लगेच मिळते. सीताफळाचा भाव विचारा, बागवान मान वर न करता सांगतो. घासाघीस करा, तो हो म्हणतो किंवा पाटी पुढे ओढून घेतो. दोन्ही उत्तरे अर्ध्या मिनिटात मिळतात. याच गर्दीत फळांच्या पाट्या सांभाळणारे, रात्री दुकानांची राखण करणारे काही माजी सैनिकही दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला अपंगत्व पेन्शनचे काय झाले म्हणून विचारले, की तो मोबाईल पुढे करतो. मजकूर इंग्रजीत असतो आणि अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो: काम चालू आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत, सगळे त्यांना फौजी चाचा म्हणतात. ते या मजकुराचे भाषांतर दोन शब्दांत करतात, "ठैरो बोलते."

ही मंडई 1886 साली उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट म्हणून ओळखली जाई, महात्मा फुल्यांचे नाव तिला पुढे मिळाले. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. म्हणजे आज मंडईत बसणाऱ्या कित्येक घराण्यांचे पूर्वज अशा वाड्यासमोर भाजी-फळे विकत होते, जिथे एके काळी शिपायांचे अर्ज, वारसांच्या विनंत्या आणि जखमींची गाऱ्हाणी येऊन पडत. वाड्यातले कागद आज पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर म्हणून जपलेले आहेत.

त्या कागदांची भाषा आपल्याला परकी नाही. अर्ज, दाखल, रवाना, हजर, बाकी, वारस, मंजूर, नामंजूर हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की कोणत्याही तहसील कचेरीत ते आजही रोज वापरले जातात. अर्ज म्हणजे पुढे मांडणे. दाखल म्हणजे आत गेलेला. रवाना म्हणजे निघालेला. यातला सर्वांत बोलका शब्द मंजूर. तो 'नजर' याच धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे पाहिलेला, नजरेखालून गेलेला. हुजुरांनी पाहिले म्हणजे झाले, अशा रिवाजातून त्याला मान्यतेचा अर्थ चिकटला. सैनिकाच्या पेन्शनचा इतिहास वाचताना मला हा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा आठवतो, कारण भांडण नेमके तिथेच आहे. जखम कोणी पाहिली आणि निर्णय कोणी दिला?

सभासदाच्या बखरीत 1659 च्या प्रतापगडानंतरचा एक तपशील आहे. शिवाजी महाराजांनी कामी आलेल्यांच्या मुलांना सांभाळले, मूल नसेल तर बायकोला निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. ही रक्कम दर माणसाची जखम बघून ठरली, असे सभासद सांगतो. प्रतापगडावर महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता हे आता बहुतेकांना ठाऊक असते. जखमींच्या या यादीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. अपंगत्वाची टक्केवारी म्हणतात ती कल्पना यात आहे, आणि ती बघून ठरवायची ही अटही आहे. पेशवाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी दिली जाई. यातला 'परवेशी' म्हणजे फारसी परवरिश, म्हणजे संगोपन.

या जुन्या व्यवस्थेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. ती मेहरबानीवर चालत होती. धनी खूश असला तर मिळायचे, नसला तर नाही, आणि दाद मागायला दुसरे दार नव्हते.

कंपनी सरकारने मेहरबानीच्या जागी नियम आणले आणि नियमाबरोबर टपाल आले. डॉक्टर आणि अधिकाऱ्यांची समिती शिपायाला तपासून निकामी ठरवी, मग त्याचे कागद वरच्या कचेरीत जात. बिहारमध्ये भागलपूरच्या बाजूला 1780 च्या दशकात जायबंदी शिपायांना जमिनी देऊन वसवले गेले. सीमा अलवी यांनी या 'इन्व्हॅलिड ठाण्यां'वर फार चांगले लिहिले आहे. आपल्याकडे कोकणात दापोलीला जुन्या, थकलेल्या शिपायांची पलटण होती. गावाला कॅम्प दापोली म्हणतात ते त्या लष्करी वस्तीमुळे. पेन्शन घेणाऱ्याचा हुलिया कागदावर उतरवलेला असे: उंची, वय, अंगावरची खूण. आज वर्षातून एकदा हयातीचा दाखला देताना बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून वैतागणारे म्हातारे त्याच हुलियाचे वारसदार आहेत.

पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्यातून जी भरती झाली, तिच्या नोंदींत मराठ्यांच्या बरोबरीने 'दख्खनी मुसलमान' असा वेगळा रकाना होता. मराठा पलटणींत हे लोक होते आणि मेसोपोटेमियात लढले. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या अनेक गावांत या युद्धाचे दगडी फलक आहेत. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढे दोन आकडे त्यावर असतात. पाय तुटून, डोळा जाऊन किंवा छातीत धाप घेऊन जे परत आले त्यांचा आकडा नसतो. त्यांच्यासाठी 1917 साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, जायबंदी शिपायांना हातचे काम शिकवण्यासाठी. पुढे ती खडकीला आली आणि अजून तिथेच आहे. 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आले, 1974 साली खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र. जखमी सैनिकाला बघणाऱ्या एवढ्या संस्था एका शहरात क्वचितच असतील. पण त्याच्या पेन्शनचा निर्णय पुण्यात होत नाही.

कागदाचा प्रवास समजला की मोबाईलवरच्या ओळीचा अर्थ लागतो. नोकरी सुटताना लष्करी रुग्णालयात वैद्यकीय मंडळ बसते. ते तीन गोष्टी लिहिते: आजार कोणता, तो किती टक्के, आणि त्याचा नोकरीशी संबंध काय. हा अहवाल वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याच्या संमतीने पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला. तिथून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयात, आणि तिथून पेन्शनचा हुकूम, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात. अलीकडे हे सारे 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर आले आहे. काम चालू आहे, पुढे पाठवले, त्रुटीसाठी परत, असे जे कळते ते एवढेच सांगते की कागद कोणत्या टेबलावर आहे. कागदावर काय लिहिले आहे ते त्यातून कळत नाही. जुन्या भाषेत ही बातमी 'दाखल' आणि 'रवाना' यांची आहे, 'मंजूर'ची नाही. आणि परत आलेला कागद म्हणजे नामंजूर कागद नव्हे. बरेचदा बँकेचा तपशील, नावातले एखादे अक्षर किंवा जन्मतारीख जुळत नसते. आपल्या लोकांची नावे शेख, सय्यद, अब्दुल, मोहम्मद अशी असतात आणि इंग्रजीत ती प्रत्येक कारकून वेगळी लिहितो, हे इथे लक्षात ठेवलेले बरे.

खरा निकाल बहुधा त्या वैद्यकीय अहवालातल्या एका संक्षेपात असतो: 'नाना'. पुणेकराला नाना म्हटले की फडणीस आठवतात, वाडा आठवतो, पेठ आठवते. लष्करी कागदावर त्याचा अर्थ, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. 1961 च्या पेन्शन नियमांपासून दोन अटी ठरलेल्या आहेत: आजाराचा नोकरीशी संबंध हवा आणि अपंगत्व किमान वीस टक्के हवे. 'नाना' पडले की पहिली अट गेली. म्हणून वाट पाहणाऱ्याने पहिल्यांदा स्वतःच्या वैद्यकीय अहवालाची प्रत मिळवावी. आपणहून मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागता येते.

आता पाहण्याचा मुद्दा. मंडळाने सैनिकाला तपासून टक्केवारी लिहावी, आणि त्याला कधीही न पाहिलेल्या लेखा कार्यालयाने ती खोडावी किंवा कमी करावी, हे वर्षानुवर्षे चालले. 1993 साली एक्स सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे रोखले. वरिष्ठ वैद्यकीय मंडळाने माणसाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय आधीच्या मंडळाचे मत लेखा कार्यालयाला बदलता येणार नाही. सभासदाला हा निकाल नवा वाटला नसता.

दुसरे प्रकरण धरमवीर सिंग यांचे. 1985 साली सिग्नल कोअरमध्ये भरती, फेफऱ्याच्या आजारामुळे 1994 साली घरी. अपंगत्व वीस टक्के धरले, पण नोकरीशी संबंध नाही असे लिहून पेन्शन नाकारली. निकाल लागला 2 जुलै 2013 रोजी. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असे धरले जाईल, तसे नाही हे सरकारने सिद्ध करायचे, आणि मंडळाने मत देताना कारणे लिहायची. सध्या ज्यांच्या अहवालात 'नाना' आहे पण कारण एका ओळीपलीकडे गेलेले नाही, त्यांच्या हातात हा निकाल आहे. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत. आपण त्या तारखेच्या आधी बाहेर पडलो की नंतर, हे आधी बघून घ्यावे लागते.

राहिला प्रश्न चाचांच्या "ठैरो"चा. थांबणे फुकट नसते. तरसेम सिंग 1983 साली सैन्यातून बाहेर पडले आणि अपंगत्व पेन्शनसाठी न्यायालयात गेले 1999 साली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनचा हक्क मान्य केला, कारण दरमहा न मिळणारी पेन्शन हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे. थकबाकी मात्र दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांची दिली. मधली तेरा वर्षे गेली.

काम चालू आहे या संदेशाला मुदत नसते. नकाराच्या पत्राला असते, सहा महिन्यांची, पहिल्या अपिलासाठी. ते पत्र मोबाईलवर येईलच असे नाही. ते जुन्या पत्त्यावर, गावच्या घरी, रजिस्टर टपालाने जाऊन पडलेले असू शकते. तेव्हा फौजी चाचांसारख्यांनी गावच्या पोस्टमनला एकदा फोन करावा, आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून अहवालाची प्रत, सध्याचा निर्णय आणि त्याची तारीख या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. अपील फेटाळले गेले तर महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत बसते.