यंत्राची पहिली आज्ञा

कळ दाबली कीं संगणक जागा होतो, येवढेंच आपणांस ठाऊक असतें. परंतु कळ दाबणें आणि काम सुरू होणें यांच्यामध्यें जे कांहीं क्षण जातात, त्या वेळीं यंत्र कोणाची आज्ञा पाळीत असतें? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्यास साठ वर्षांचा इतिहास आहे.

इ. स. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत लुई पूझँ या फ्रेंच तंत्रज्ञानें 'रनकॉम' नांवाची योजना रचिली. त्याच त्याच आज्ञा रोज नव्यानें देण्यापेक्षां त्या एका लेखांत क्रमानें लिहून ठेवाव्या व यंत्रानें त्या पाळाव्या, ही तिच्यामागील कल्पना. आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमास 'शेल' हें नांवही त्यांनींच दिलें. पुढें १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. तेथें यंत्र जागें होतांच 'इनिट' हा पहिला कार्यक्रम 'आर-सी' नामक आज्ञालेख चालवूं लागला. हीं दोन अक्षरें 'रनकॉम'चाच अवशेष होत. १९७९ मध्यें स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि अशा लेखांना खऱ्या भाषेचें सामर्थ्य लाभलें.

असा लेख लिहिणें कठीण नाहीं. पहिल्या ओळींत कोणत्या शेलनें तो वाचावा हें सांगावें, खालीं आज्ञा लिहाव्या, आणि त्यास चालण्याची परवानगी द्यावी. तरीही नवशिका एका ठिकाणीं हटकून ठेंचाळतो. हातानें चालविलेला लेख बिनचूक चालतो. तोच यंत्र सुरू होतांना मुका राहतो. कारण त्या वेळीं आपण तेथें नसतों. आज्ञा कोठें शोधावी याच्या आपल्या संवयीच्या वाटा यंत्रास ठाऊक नसतात. कित्येकदां जाळ्याशीं जोडणीही झालेली नसते. म्हणून प्रत्येक आज्ञेचा संपूर्ण पत्ता लिहावा, आणि जें घडेल त्याची नोंद ठेवावी. आपल्या मनांत जें गृहीत असतें, तें कागदावर नसतें, हा धडा मुलांस निबंध शिकवितांनाही मला वारंवार द्यावा लागतो.

२०१० मध्यें लेनार्ट पोटेरिंग व के सीव्हर्स यांनीं 'सिस्टिमडी' आणली. एकामागून एक लेख चालविण्यापेक्षां परस्परांवर अवलंबून नसलेलीं कामें एकदमच सुरू करावीं, हा तिचा विचार; त्यानें वेळ वाचला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु डेबियन या मंडळींत १९१४ च्या महायुद्धाची आठवण व्हावी असा वाद २०१४ मध्यें माजला, आणि कांहीं जणांनीं 'देवुआन' नांवाचें वेगळें बिऱ्हाड थाटलें. त्यांचा आक्षेप असा कीं, जुना लेख कोणासही उघडून वाचतां येई. नवी व्यवस्था अवाढव्य झाली आहे.

हा आक्षेप सर्वस्वीं खरा नसेल. पण त्यांतील भीति खोटी नाहीं. आरंभीं चालणाऱ्या लेखास बहुधा यंत्रावरील सर्वाधिकार असतात. तेथें कोणी परकी ओळ घुसडली, तर ती रोज धन्याच्याच नांवानें पाळली जाते. म्हणून दहा ओळींचा आज्ञालेख एकदां तरी स्वतः लिहून पाहावा. त्यानें कोणी तंत्रज्ञ होणार नाहीं. परंतु आपल्या घरांत पहिला शब्द कोणाचा चालतो, हें तरी कळेल.